नाकाला काही लावू नका : चिमूरकरांसाठी जर्बिलाचा पहिला पाठ

हा पाठ नवशिक्यांसाठी आहे. जर्बिलाच्या बाबतीत अख्खा चिमूर तालुकाच नवशिका असल्यामुळे कुणी कमीपणा मानू नये. ज्या भागात सकाळी उठल्यावर गोठ्यातली जनावरं मोजून घ्यावी लागतात, कारण पलीकडे ताडोबा आहे, तिथे ऐंशी ग्रॅमच्या जिवाच्या नाकाची काळजी करत बसलेला माणूस जरा विचित्र दिसतो, हे कबूल. पण पोरगं नागपूरहून सुट्टीत आलं, हातात भोकं पाडलेला डबा होता, डब्यात दोन जीव होते आणि सुट्टी संपल्यावर पोरगं तेवढं परत गेलं, असं हल्ली कुठेही घडू शकतं. तसं घडल्यावर महिन्याभरात त्यातल्या एकाचं नाक लाल होतं. तिथून हा पाठ सुरू होतो.

साहित्य : जर्बिल दोन (एकटा ठेवला तर झुरतो). माशांसाठी असते तसली काचेची पेटी एक; गळकी असेल तर उत्तम, निम्म्या भावात मिळते आणि आपल्याला तीत पाणी भरायचं नाहीच. कोरा कागद भरपूर. बारीक रेती दोन वाट्या. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी. नोटा तपासायचा जांभळा दिवा, ओळखीच्या दुकानदाराकडून पाच मिनिटांपुरता. आणि नातेवाईक, उपलब्धतेनुसार.

पायरी पहिली : हा उंदीर आहे का?

हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. काकाजींनी विचारला तर त्यात काळजी असते, शेजाऱ्याने विचारला तर मजा असते, आणि आईने विचारला तर तो प्रश्न नसतोच. "उंदीर पाळून रायला का बे?" यावर वाद घालू नये. जर्बिल उंदराच्याच गोतावळ्यातला आहे, त्यामुळे ठासून नाही म्हणायची सोय नाही. शेपटी दाखवावी. उंदराची शेपटी उघडी आणि खवल्यांची असते, याची केसाळ असते आणि टोकाला झुपका असतो. दाखवताना शेपटी धरून उचलू मात्र नका. वरची कातडी सटकून बोटांत राहते आणि ती पुन्हा येत नाही. ओंजळीत घ्या.

खानदान विचारलं तर सांगायला भरपूर आहे. पाळीव जर्बिल मूळचा मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या माळांचा. आर्मां डेव्हिड नावाच्या फ्रेंच धर्मगुरूंनी 1866 साली तिकडून काही 'पिवळे उंदीर' पॅरिसला पाठवले आणि पुढच्याच वर्षी मिल्न-एडवर्ड्स यांनी त्यांचं शास्त्रीय बारसं केलं. नंतर बराच काळ कुणी त्यांच्याकडे फिरकलं नाही. 1935 साली अमूर नदीच्या खोऱ्यात पकडलेल्या 20 जोड्या जपानच्या प्रयोगशाळेत गेल्या, त्यांच्या वंशातल्या 11 जोड्या 1954 साली अमेरिकेत पोचल्या, आणि आज जगभर पेट्यांतून जे जर्बिल उकरत बसलेले आहेत ते बहुतेक याच घराण्यातले आहेत. तेव्हा तुमच्या डब्यातल्या दोघांची पत्रिका जुळवायला जाऊ नका, सगळेच एकमेकांचे चुलतभाऊ. फक्त दोघं नर-मादी नाहीत ना, हे पहिल्या आठवड्यात बघून घ्या. मादीला दिवस जायला वेळ लागत नाही, आणि पंचवीस दिवसांत पेटीतली लोकसंख्या तुमच्या हाताबाहेर जाते. दाटी झाली की नाकं लाल होतात. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

एखादा जाणकार इथे म्हणेल की असले प्राणी आपल्या धुऱ्यावरही आहेत. बरोबर आहे. भारतीय जर्बिल, शास्त्रज्ञांचा टटेरा इंडिका, शेताच्या धुऱ्यांत बिळं करून राहतो. रात्री बाहेर पडतो, डोळे मोठे, मागचे पाय लांब, आणि घाबरला की अशी उडी मारतो की टॉर्चचा झोत मागेच राहतो. पण फुकट पडतो म्हणून तो धरून आणायचा विचार करू नका. तो चावतो, त्याच्या अंगावर पिसवा असतात, आणि भारतातल्या रानच्या प्लेगचा अभ्यास झाला तेव्हा या प्राण्याचं नाव पुन्हा पुन्हा पुढे आलेलं आहे. त्याला धुऱ्यावर सुखाने राहू द्या. तिथे त्याचं नाक कधी लाल होत नाही. का होत नाही, ते सहाव्या पायरीपर्यंत आपोआप कळेल.

पायरी दुसरी : ते रक्त नाही

सकाळी पेटीत डोकावलं. नाकपुडीच्या कडेला तांबूस-तपकिरी, वाळलेलं काहीतरी दिसतंय. घरात बोंब होते : नाकातून रक्त आलं. उन्हाळा असेल तर घोळणा फुटला असा निकाल लगेच लागतो आणि कुणीतरी कांदा फोडायला जातं. थांबा. कांदा परत ठेवा.

जर्बिलाच्या डोळ्याच्या खोबणीत, बुबुळाच्या मागे एक ग्रंथी असते. बाझेलच्या योहान याकोब हार्डर यांनी ती 1694 साली पहिल्यांदा वर्णन केली, तीही हरणाच्या डोळ्यात, म्हणून ती हार्डरची ग्रंथी. त्यातून तेलकट स्राव येतो आणि अश्रूंच्या वाटेने नाकपुडीत उतरतो. त्यात पॉर्फिरिन नावाची लालसर रंगद्रव्यं असतात. जर्बिल पुढच्या पंजांनी तोंड पुसतो तेव्हा हा स्राव थुंकीत कालवून अंगभर फासतो. थंडीत ऊब टिकते, केस पाण्याला दाद देत नाहीत. मंगोलियाच्या हिवाळ्यात पारा उणे 40 पर्यंत जातो, तिथे ही सोय मोलाची आहे. चिमुरात तिचा उपयोग काय, हा प्रश्न जर्बिलाला कुणी विचारलेला नाही. तो ग्रंथी बंद करू शकत नाही.

प्राणी घाबरलेला असेल, उकाड्याने त्रासलेला असेल, दाटीत असेल, की स्राव वाढतो. हवा दमट असेल आणि अंग घासायला रेती नसेल, तर तो निघून जात नाही, नाकाच्या कडेलाच साचतो. साचला की कातडीला चुरचुरतो. चुरचुरलं की जर्बिल पंजाने घासतो, घासलं की सोलतं, आणि सोललेल्या जागी कातडीवरचे स्टॅफिलोकोकस जंतू मुक्काम करतात. आधी नाकाभोवतीचे केस जातात, मग ओलसर खपली धरते, मग ते वर डोळ्यांकडे सरकतं आणि खाली पंजांना आणि छातीला लागतं, कारण ज्या पंजाने नाक पुसायचं त्याच पंजाने छातीही पुसायची असते.

ज्यांचा अजूनही विश्वास बसत नाही त्यांच्यासाठी जांभळा दिवा. कानात घालायची कापसाची काडी कोमट पाण्यात भिजवून नाकपुडीच्या कडेचा तो तांबूस पापुद्रा अलगद टिपून घ्या. दुसरी काडी घ्या आणि तिला आपल्याच कुठल्यातरी खरचटलेल्या जागेचं रक्त लावा. मास्तर असाल तर पोरांच्या गुडघ्यांवर तुटवडा नसतो. खोलीत अंधार करा आणि दोन्ही काड्या नोटा तपासायच्या दिव्याखाली धरा. रक्ताची काडी काळपट, मख्ख दिसते. जर्बिलाची काडी गुलाबी-लाल पेटते. पॉर्फिरिन अतिनील प्रकाशात असं चमकतं. पाचशेच्या नोटेत जे पाहायला दुकानदार धडपडतो ते इथे फुकटात दिसतं. दिवा प्राण्याच्या डोळ्यांवर मारू नका, काडीवरच मारा, आणि वेळेत परत करा, नाहीतर दुसऱ्यांदा मिळत नाही.

पायरी तिसरी : नाकाला काहीही लावू नका

संपली पायरी.

म्हणजे संपायला हवी होती, पण इथे नातेवाईक कामाला लागतात. हळद. खोबरेल तेल. कडुलिंबाचा पाला वाटून. घरात मोहाच्या बियांचं तेल असेल तर ते तर हमखास, कारण ते अंगदुखीपासून फुटलेल्या टाचेपर्यंत सगळ्याला चालतं. पोरांच्या दप्तरातलं निळं मलम. कुणीतरी बैलाच्या येसणीची आठवण काढतं : "येसण घासून घासून बैलाचं नाक असंच होते, त्याले आमी तेल-हळद लावतो." बैलाच्या बाबतीत ते बरोबरही असेल. पण बैल आपलं नाक चाटून पुसून अंगभर फासत नाही. जर्बिलाच्या नाकावर ठेवलेली कुठलीही वस्तू दोन मिनिटांत त्याच्या पंजावर, तिथून जिभेवर आणि तिथून पोटात जाते, आणि उरलेली छातीच्या केसांत मुरते. शिवाय दुखण्याचं मूळच मुळी तेलकट साचणं आहे. त्यावर आणखी तेल ओतून उतारा कसा पडणार?

हळद लावलेला जर्बिल दिसतो मात्र झकास. हळदीच्या अंगाचा नवरदेवच. दुसऱ्या दिवशी तो पिवळाही असतो आणि लालही.

परवानगी एकाच गोष्टीला आहे. खपली कडक झाली असेल आणि नाकपुडी बुजत असेल, तर कोमट पाण्यात भिजवलेली कापसाची काडी लावून ती मऊ करायची. सुटली तर सुटली, नाही सुटली तर ओढायची नाही. एका हाताने हे जमत नाही. दुसऱ्या माणसाने ओंजळीत धरावं लागतं, आणि हा दुसरा माणूस शांत डोक्याचा हवा. आपल्याकडे अशा वेळी जे चारजण गोळा होतात त्यांतला एकही नसतो. घरातली शाळकरी मुलगी बहुधा सर्वात उपयोगी पडते.

पायरी चौथी : घराची झडती

आता नाक सोडा, पेटीकडे या.

पोपटाच्या पिंजऱ्यात जर्बिल ठेवला असेल तर गुन्हेगार सापडला. तो रात्रभर गज चावतो आणि चावताना नाक गजावर घासतं. पिंजरा पोपटाला परत द्या. काचेची पेटी घ्या, वर जाळीचं झाकण, आत वीतभर तरी कागदाचे तुकडे, कारण उकरल्याशिवाय या प्राण्याला चैन पडत नाही.

काचेच्या पेटीतही काहीजण कोपरा उकरत बसतात. तोच कोपरा, तासन्‌तास, नाक काचेला. लोकांना वाटतं, याला खणायला माती कमी पडतेय. स्वित्झर्लंडमध्ये क्रिस्टोफ वीडेनमायर यांनी हे नीट तपासलं. 1997 साली ते प्रसिद्ध झालं. खणायला कोरडी रेती दिली तरी पिल्लांचं कोपरा उकरणं थांबलं नाही. बोगद्यातून आत जाता येईल अशी तयार अंधारी खोली दिली, तेव्हा त्यांनी ते वेड लावूनच घेतलं नाही. म्हणजे त्याला खणायची हौस नसते, घर हवं असतं, आणि घर मिळेपर्यंत तो खणत राहतो. आपल्याकडे घरकुलाच्या यादीत नाव लागलेला माणूस हे लगेच समजून घेईल.

घर करणं सोपं आहे. एक छोटं मातीचं मडकं पालथं घालायचं, तोंडाशी एक फुटलेली खाच ठेवायची आणि खाचेला बांबूचा बोगदा जोडायचा. बांबूच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत, पण आपल्या जंगलात जास्त करून मिळणारा मानवेल इथे कामाचा नाही, तो जवळजवळ भरीव असतो. जाड पोकळ कटांग घ्या. आतली पेरं पहारीने फोडा, कडा काचकागदाने घासा, नाहीतर नाकाला वाचवण्यासाठी केलेल्या बोगद्यातच नाक सोलायचं. पुठ्ठ्याचं नळकांडंही चालतं. फक्त ते सकाळपर्यंत टिकत नाही.

आता अंथरूण. आरामशीनवर भुसा फुकट मिळतो आणि आपल्याकडे भुसा म्हणजे बहुतेक सागवानाचा. इथल्या सागवानाची कीर्ती मोठी. अयोध्येच्या राममंदिरासाठी 2023 साली बल्लारपूरहून सागवान गेलं. ते दारात शोभतं. भुशाच्या रूपात ते नाकात गेलं की वेगळा अनुभव देतं. सागाच्या गाभ्यात लॅपाकॉल आणि त्याच्या भाऊबंदांसारखी द्रव्यं असतात, ज्यांमुळे वाळवी त्याच्या वाटेला जात नाही आणि सुताराच्या हातांना मात्र खाज सुटते. सुताराला खाज सुटते ती जर्बिलाच्या नाकाला सोडेल कशी? परदेशी पुस्तकांत पाइन आणि देवदाराचा भुसा वर्ज्य सांगितलेला असतो. ते वाचून 'आपल्याकडे पाइन कुठे आहे' म्हणत सागवान घालणारे महाभाग असतात.

धानाचा कोंडाही नको. त्यात सिलिका असते, टोकं टोचतात आणि धूळ उडते. तणस दिसायला मऊ, पण पावसाळ्यात तिला बुरशी धरते आणि धूळ असतेच. कागद घ्या. कोरा, बिनवासाचा, लांब पट्ट्या फाडून. ज्यांच्या घरात कुणी शिक्षक आहे त्यांना एका बाजूने कोरा कागद कधीच कमी पडत नाही.

पायरी पाचवी : हवा

सगळ्यात अवघड पायरी हीच, आणि म्हणून पुस्तकं ती एका ओळीत उरकतात. आर्द्रता 30 ते 50 टक्क्यांत ठेवा, असं लिहितात आणि पुढच्या प्रकरणाला लागतात. जणू चिमूरची हवा नळाला आहे.

आधी मोजमाप. आर्द्रता मोजायचं लहान यंत्र मिळतं, ते आणा. येईपर्यंत मिठाची बरणी आहे. हवेत 75 टक्क्यांच्या वर ओल गेली की साधं मीठ पाणी धरतं. बरणीतल्या मिठाचा गोळा झाला, चमच्याने खणावं लागतंय, म्हणजे तुमची हवा 75 च्या पुढे आहे आणि जर्बिलाची हद्द तर 50 लाच संपलेली आहे. थोडक्यात, मीठ ओलं होईपर्यंत नाक लाल झालेलं असतं. पण उशिरा का होईना, बरणी खोटं बोलत नाही.

आता आपलं वर्ष बघा. जूनच्या मध्यावर पाऊस लागतो, रोवणी सुरू होते, बांध्यांत पाणी भरतं, भिंती घाम फोडतात, पापड वातड होतात. 16 ऑगस्टला 1942 च्या क्रांतीतल्या शहिदांना गाव अभिवादन करतं, तोवर कपाटातल्या कपड्यांना वास आलेला असतो. हे चार महिने जर्बिलाच्या नाकाचे नाहीत. या दिवसांत कागद दर दोन-तीन दिवसांनी बदला, ओला कोपरा तर रोज. तो मुतायला कोपरा ठरवून घेतो, ही त्याची मेहरबानी. पाण्याची बाटली गळत नाही ना हे रोज बघा. दिवसाला दोघांना जेमतेम दहा मिलिलीटर पाणी लागतं, बाकीचं पेटीतच मुरतं. पेटी मोरीपासून आणि धानाच्या पोत्यांपासून लांब, जिथे पंखा फिरतो पण झोत थेट लागत नाही अशा जागी ठेवा. काचेच्या पेटीत हवा कोंडते, म्हणून झाकण जाळीचंच हवं. कुणी वर पोतं टाकून 'थंडी वाजेल बिचाऱ्याले' म्हणेल. पोतं काढा.

मग उन्हाळा. इथे मोठा विनोद आहे. एप्रिल-मेमधली आपली हवा कोरडेपणात गोबीच्या वाळवंटाला लाजवेल अशी असते. नाकाच्या दृष्टीने ही पर्वणीच. पण पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि पस्तिशीच्या पुढे तर जर्बिलालाही लू लागते. तो आडवा पडतो, तोंडाने लाळ येते. म्हणून घरातलं माणूस त्याला उचलतं आणि प्रेमाने कूलरसमोर ठेवतं. कूलर म्हणजे काय? ओल्या गवतातून ओढलेली हवा. बाहेर वाळवंट, खिडकीत कूलर आणि कूलरसमोर श्रावण. चंद्रपूर जिल्ह्यात जर्बिलाचं नाक भर मे महिन्यात लाल होतं ते या श्रावणामुळे, आणि घरमालक मात्र 'उष्णता झाली' म्हणून सब्जा भिजत घालतो.

यावर उपाय कूलर बंद करणं नाही. कूलर बंद केलात तर आधी तुम्हीच आडवे पडाल. पेटी कूलरच्या वाटेतून काढा. खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला, फरशीवर ठेवा. आत एक कोरडी फरशी ठेवा, तो तिच्यावर पोट टेकून निपचित पडून राहतो. दुपारी बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून काचेला बाहेरून टेकवा. आत ओलं फडकं टाकू नका. घरात एखादी वातानुकूलित खोली असेल तर प्रश्न मिटला, ती गारही असते आणि कोरडीही. मात्र तिथे आधीपासून जावई उतरलेला असतो.

राहिला हिवाळा. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चिमूरची हवा या प्राण्यासाठी उत्तम. ज्यांना जर्बिल आणायचाच आहे त्यांनी दिवाळीनंतर आणावा. एक अडचण तेवढी आहे : नेमक्या याच कोरड्या दिवसांत, माघात, श्रीहरी बालाजीची घोडायात्रा भरते, आणि यात्रेसोबत भोंगे येतात. जर्बिलाचे कान खालच्या पट्टीतले आवाज फार चांगले ऐकतात, म्हणून तर श्रवणशास्त्राच्या प्रयोगशाळा त्याला पाळतात. डीजेचा ठेका त्याला भिंतीतून येतो. शिवाय कित्येक जर्बिलांना दचकलं की झटके येण्याची घराण्यातच खोड असते. एखादा मिनिट-दोन मिनिटं थरथरला तर हात लावू नका, तोंडात पाणी घालू नका, कांदा तर नकोच. तो आपला उठतो. यात्रेत पेटी आतल्या खोलीत न्या, एवढंच आपल्या हातात. भीतीने स्राव वाढतो हे दुसऱ्या पायरीत सांगितलं आहे.

पायरी सहावी : रेती

या सगळ्यात औषध म्हणावं अशी एकच वस्तू आहे आणि ती म्हणजे रेती.

एका जड वाडग्यात दोन बोटं रेती घालून पेटीत ठेवा. जर्बिल आधी वास घेतो. मग एका कुशीवर घसरतो, पाठीवर जातो, दुसऱ्या कुशीवर येतो, नाक रेतीत खुपसून पुढे लोटतो. हे अर्ध्या मिनिटात उरकतं. उठून अंग झाडतो तेव्हा वाटीभर धुरळा उडतो, आणि केस, जे सकाळी ओल्या वातीसारखे चिकटले होते, ते सुटे दिसतात. नाकावरचा तेलकट स्राव रेतीने ओढून घेतलेला असतो. त्याच्या मुलखात हे त्याला रोज मिळतं, आपल्या धुऱ्यावरच्या भावालाही मिळतं.

रेती कुठून आणायची, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात नाजूक आहे. घाटांचे लिलाव, रॉयल्टी, रात्रीचे ट्रॅक्टर यांविषयी वर्तमानपत्रांत पुरेसं येतं. दोन वाट्यांसाठी कुणी पंचनामा करणार नाही, तरी शेजारच्या बांधकामावरून मागून आणणं सगळ्यात सुरक्षित. पण आहे तशी वापरू नका, तिच्यात सिमेंट असू शकतं. ढिगाच्या पोटातली घ्या. पाणी नितळ येईपर्यंत धुवा. उन्हात वाळवा. आधी साध्या चाळणीने खडे काढा, मग मैद्याच्या चाळणीने धूळ पाडून टाका. चाळणीवर राहील ती ठेवा. जुन्या कढईत चांगली भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या. कढईचा मालक घरी नसताना हे करावं. टाल्कम पावडर हा रेतीचा पर्याय नव्हे. ती फुप्फुसात जाते.

दोन-तीन दिवसांआड रेती चाळून घ्या. तो तीत मुतला तर फेका आणि नवी भाजा.

पायरी सातवी : ढोरांचा दवाखाना

बहुतेक नाकं सहाव्या पायरीपर्यंत सुधारतात. खपलीखाली पू दिसला, पंजे सुजले, डोळे चिकटले, श्वासाला टकटक आवाज येऊ लागला, किंवा वजन उतरलं, तर मात्र घरी बसू नका. वजनासाठी सोनाराचा काटा वापरा. किराणा दुकानातल्या काट्याला पाच ग्रॅमचा फरक कळत नाही, सोनाराला अर्ध्या ग्रॅमचाही कळतो. तो आधी पेटीकडे आणि मग तुमच्याकडे बघेल. बघू द्या.

दवाखान्यात तुमचा नंबर येईपर्यंत पुढे लंगडणारा गोऱ्हा, पोट फुगलेली शेळी आणि वाघाने मारलेल्या गाईच्या पंचनाम्यासाठी आलेला माणूस असतो. त्यांच्या रांगेत टिफिनचा डबा घेऊन उभं राहायला धीर लागतो. "यात काय हाये जी?" या प्रश्नाला खरं उत्तर द्या, पण हळू आवाजात.

डॉक्टरांना एक गोष्ट नम्रपणे आधीच सांगा : स्ट्रेप्टोमायसिन नको. गुरांना दिल्या जाणाऱ्या पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीत ते असतं. बैल चारशे किलोचा आणि जर्बिल ऐंशी ग्रॅमचा, म्हणजे एका बैलात पाच हजार जर्बिल बसतात, ही नुसती मात्रेची गोष्ट झाली. पण स्ट्रेप्टोमायसिन जर्बिलाला मुळातच सोसत नाही, स्नायूच लुळे पडतात आणि तो दगावतो. चांगला डॉक्टर ऐकून घेतो आणि फोन लावतो. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासून आहे आणि उमरेडमार्गे शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं. जायचं ठरलं तर पहाटेच निघा. दुपारच्या एसटीत जर्बिल उकडतो. डब्यात थोडा त्याचाच जुना कागद घाला म्हणजे ओळखीचा वास राहतो, आणि दोघांनाही सोबत न्या. एकाला मागे ठेवलं तर परत आल्यावर वास बदललेला म्हणून दुसरा त्याला ओळखत नाही आणि हाणामारी होते. मग नाक राहतं बाजूला आणि कान शिवायची वेळ येते.

पायरी आठवी : बरं झाल्यावर

खपली एके दिवशी आपसूक पडलेली असते. खाली गुलाबी, कोवळी कातडी दिसते. तीन-चार आठवड्यांत तिच्यावर आधी मखमल येते आणि मग केस, कधी कधी मूळ रंगापेक्षा थोडे फिके. या काळात पेटीला काही नवं करू नका. नवं खेळणं नको, नवा भुसा नको, पाहुण्यांना उचलून दाखवणं तर नकोच.

शेजारी येतीलच. वाकून बघतील, आईला हाक मारून सांगतील की नाक साफ झालं, आणि मग तुमच्याकडे वळतील.

"कोनतं औषध केलं जी?"

"रेती."

ते थोडा वेळ विचार करतील.

"कोन्या घाटाची?"